लामिनच्या गोष्टीला ऊन चालत नाही

कॅम्प बॉस म्हटलं की आमच्या म्हसळ्याकडच्या लोकांना वाटतं, इक्बाल कतारमध्ये बंदूक घेऊन फिरतो. एका लग्नात नवऱ्या मुलाच्या मामांनी मला मांडवाच्या बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "कैदी पळून बिळून जात नाहीत ना?"

तर आधी सांगतो. कॅम्प म्हणजे कंपनीच्या कामगारांची राहायची जागा. आमचा कॅम्प शहराबाहेर, बरवा अल बराहाच्याही पुढे, इंडस्ट्रियल एरियाच्या कडेला. चार बिल्डिंगी, एक मोठी मेस, एक नमाजची खोली, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आणि एक गेट. ह्या सगळ्याच्या किल्ल्या ज्याच्या कमरेला तो कॅम्प बॉस. एसी बंद पडला, बोलवा इक्बालभाईला. टँकर आला नाही, इक्बालभाई. ढेकूण झाले, इक्बालभाई. खोलीत शेगडी लावायला बंदी आहे, तर कोण लपवून डाळ शिजवतो ते नाकानं शोधायचं, तेही माझंच काम. बंदूक नाही. एक टॉर्च आहे, तिचा सेल ढिला आहे.

मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. ह्या देशानं मला खुर्ची दिली, टेबल दिलं, टेबलावर माझ्या नावाची पाटी दिली. त्यामुळे मला सतत भीती असते की कुणीतरी येईल आणि म्हणेल, चूक झाली, ही पाटी दुसऱ्या इक्बालची होती. ऑफिसातून फोन आला की मी उभा राहून बोलतो. बायको म्हणते, फोनवर कोण बघतंय तुम्हाला? पण उभंच राहवतं. आणि समोरचा काहीही म्हणाला तरी माझ्या तोंडून आधी "होईल" निघतं, मग मी विचार करतो काय होईल ते.

ह्या धंद्यात भांडणं फार. तीही मोठ्या गोष्टींवरून नाहीत. एक पंजाबी वेल्डर माझ्याकडे आला, म्हणाला, खोलीतला मद्रासी घोरतो, मला दुसरी खोली द्या. दिली. तिथले सगळे मुक्यासारखे झोपणारे. आठवड्यात परत आला. "इक्बालभाई, तिथं शांततेनं झोप लागत नाही. मला माझा घोरणारा परत द्या." तोवर तिकडे दुसरा माणूस टाकलेला, तो हलायला तयार नाही, म्हणतो, घोरण्याचा आवाज मला बोटीसारखा वाटतो. आता ह्याचा निकाल कोण देणार? कॅम्प बॉसच्या कामाचं कुठे पुस्तक नसतं.

अशा एका भांडणात मला लामिन सापडला.

लामिन आमचा गेटवरचा वॉचमन. गांबियाचा. गांबिया कुठे आहे ते मला तेव्हा माहीत नव्हतं, त्यानंच भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून दाखवलं. आफ्रिकेच्या पार पश्चिमेला, नदीच्या दोन्ही बाजूंनी चिकटलेला, मिरचीएवढा देश. उंच, शांत माणूस, नमाजला पहिल्या रांगेत. दोनमजली पलंगाचा खालचा बेड कुणाचा, ह्यावरून दोघं जण माझ्या ऑफिसात एकमेकांची कॉलर धरून उभे होते. एक म्हणे मी आधी आलो, दुसरा म्हणे माझा गुडघा दुखतो. मी दोघांना "होईल" म्हणून बसलो होतो. लामिन दारात उभा. तो म्हणाला, "बॉस, रात्री जेवण झाल्यावर दोघांना पटांगणात पाठवा."

मला वाटलं मारणार. म्हणून मीही गेलो.

त्यानं मारलं नाही. गोष्ट सांगितली.

त्यांच्याकडची पद्धत अशी. सांगणारा एक वाक्य बोलतो आणि थांबतो. ऐकणाऱ्यांपैकी एकानं म्हणायचं, "नामू." म्हणजे ऐकतोय, पुढं चल. आपल्याकडे हुंकारा देतात तसंच, पण आपल्याकडे हुंकारा देणाऱ्याला डुलकी लागली तरी गोष्ट चालू राहते. त्यांच्याकडे नामू नाही आलं तर गोष्ट तिथंच उभी. आणि नामू म्हणायला एक माणूस नेमलेला लागतो. लामिन म्हणाला, त्याच्या गावात हा मान कुणालाही मिळत नाही, कारण अर्धी गोष्ट त्याच्या खांद्यावर असते. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. मी "होईल" म्हणालो.

गोष्ट अशी होती. दुष्काळ पडला. सशानं वास घेऊन सांगितलं, इथं जमिनीखाली पाणी आहे. कासवानं विहीर खणली, नखं झिजेपर्यंत. तरस रात्रभर राखण करत बसला, नाहीतर हत्तींनी येऊन ती तुडवली असती. पाणी लागलं. तर पहिला घोट कुणाचा?

आणि गोष्ट संपली.

"म्हंजे?" मी म्हणालो. "कुणाचा?"

"ते तुम्ही सांगायचं," लामिन म्हणाला. "आमच्याकडच्या पुष्कळ गोष्टी प्रश्नावर थांबतात. लोक भांडून निकाल लावतात. निकाल लागला की गोष्ट बंद होते."

खालच्या बेडवाले दोघं आपली भांडणं विसरून कासवावरून भांडायला लागले. तासाभरानं दोघं एकाच बाजूला आले, कारण तिसराच कुणीतरी सशाची बाजू घेत होता. बेडचं काय झालं? जो आधी पोचला तो झोपला. दुसऱ्यानं वरून विचारलं, "पण कासवाला तहान जास्त लागली असणार की नाही?" खालून उत्तर आलं, "अरे तेच तर!"

त्यानंतर रोज जेवणं झाली की पटांगण भरायला लागलं. लामिन इंग्रजीत सांगे, मी नामू म्हणे आणि हिंदीत करी. आमचा मेसचा कुक शफीक, चितगावचा, ते बंगालीत करी, आणि एसीवाला टेक बहादूर नेपाळीत. चार भाषांतून जाताना गोष्टीची बरीच झीज होई. शफीकच्या गोष्टीत विहिरीचं तळं झालं आणि त्यात मासे आले.

मी म्हणालो, "शफीक, दुष्काळ आहे. मासे कुठून?"

"मासा नसेल तर पाणी कशाला पाहिजे, भाई?" शफीक म्हणाला. त्यावर बंगाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

टेक बहादूरच्या गोष्टीत तरसाला थंडी वाजत होती. कतारच्या ऑगस्टमध्ये ते ऐकायला सगळ्यांनाच बरं वाटायचं, म्हणून मी काही बोललो नाही.

पण पहिल्या घोटाचा निकाल काही लागेना. कॅम्पात तीन पक्ष झाले. खणणारे, सळ्या बांधणारे, काँक्रीटवाले सगळे कासवाचे. वॉचमन, ड्रायव्हर तरसाचे. फोरमन, सर्व्हेअर, स्टोअरकीपर सशाचे, म्हणे जागा कुठली ते कळायलाच डोकं लागतं. साइटवर सळईवाल्यांनी सर्व्हेअरला सांगितलं, "पाणी तू दाखवलंस ना, मग खड्डापण तूच खण." साइट इंजिनिअरचा ऑफिसला फोन गेला की, कामगारांत कासवाचा काहीतरी प्रॉब्लेम आहे, कुणी पाळलंय का ते बघा.

म्हणून आमच्या वेल्फेअर ऑफिसर केतकी मॅडम कॅम्पात आल्या. पुण्याच्या. वय माझ्या मुलीपेक्षा थोडंसं जास्त. राहायला शहरात, अल दुहैलला, आणि माझ्याशी मराठीत बोलतात, त्याचं मला फार बरं वाटतं आणि तेवढीच भीतीही वाटते, कारण मराठीत रागावलेलं सगळं समजतं.

"इक्बालभाई, कासव कुठंय?"

"मॅडम, गोष्टीत आहे."

मग मी सगळं सांगितलं. मी घामानं भिजलो होतो, पण त्या हसायला लागल्या. हसता हसता थांबल्या आणि त्यांनी मान वर केली. ऑफिसातल्या माणसाला कल्पना सुचली की तो अशी मान वर करतो. अनुभवानं सांगतो, अशा वेळी कॅम्प बॉसनं पळून जावं.

"पुढच्या रविवारी क्लायंटकडचे लोक कॅम्प बघायला येतायत," त्या म्हणाल्या. "अकरा वाजता, मिडडे ब्रेकमध्ये. उन्हामुळे तेव्हा साइट बंद, सगळे कामगार कॅम्पातच असतील. लामिन त्यांना गोष्ट सांगेल. कल्चरल अ‍ॅक्टिव्हिटी! इतकं मस्त दुसरं काय दाखवणार आपण?"

"होईल मॅडम," मी म्हणालो.

मग त्यांनी आवाज खाली केला. "आणि इक्बालभाई, एक सांगते, कुणाजवळ बोलू नका. गेटवरची माणसं कमी करायची ठरतंय. त्यात लामिन आहे. त्याचा करार संपतोय, रिन्यू करणार नाहीत. पण क्लायंटनं त्याला बघितलं, नाव घेतलं, तर मी भांडू शकते. नाहीतर माझ्या हातात काही नाही."

मी लामिनला सांगितलं. नोकरीचंही सांगितलं, न सांगून कसं चालेल?  त्याच्या गावातल्या घराचं छप्पर अर्धं झालेलं. बहीण नर्सिंगला. म्हातारी आई. हे सगळं त्या गेटवरच्या खुर्चीवर बसून चाललेलं.

"अकरा वाजता म्हणजे दिवसा," तो म्हणाला.

"दिवसाच. अकरा."

"दिवसा गोष्ट सांगता येत नाही, बॉस."

"का?"

"दिवसा सांगितली तर सांगणाऱ्याची आई हरवते. बाहेर गेली की तिला घराची वाट सापडत नाही."

मी त्याच्याकडे बघितलं. मस्करी करत असेल असं वाटलं. तो करत नव्हता. मी म्हणालो, लामिन, आपण मुसलमान आहोत, असलं काय मानतोस? तो म्हणाला, "मी मानत नाही. पण माझी आई एकच आहे." 

पुढचे दिवस मी जेवलो नाही म्हटलं तरी चालेल. मॅडमचा फोन आला की उभा राहून म्हणायचो, तयारी चालू आहे. आणि कॅम्पात ही बातमी पसरली. तोवर तरस, कासव, ससा वेगवेगळे असलेले सगळे एक झाले. लामिनला वाचवायचं आणि त्याच्या आईलाही.

टेक बहादूर म्हणाला, "सोपं आहे. रात्र करू."

म्हणजे काय, तर मेसच्या सगळ्या खिडक्यांना साइटवरचं काळं प्लास्टिक लावायचं. लावलं. दाराच्या फटीत ब्लँकेटं कोंबली. दिवे घालवले. भर दुपारी तिथं असा काळोख झाला की दोघं जण एकाच खुर्चीवर बसले. पण दारावरची बाहेर पडायची हिरवी पाटी जळतच राहिली, ती बंद करायला सिव्हिल डिफेन्सची, म्हणजे फायरब्रिगेडची मनाई. त्या हिरव्या उजेडात सगळ्यांची तोंडं भुतासारखी दिसत होती. कुणीतरी म्हणालं, चंद्र समजा. मग चंद्रावर "EXIT" लिहिलेलं असतं का, ह्यावरून वाद झाला.

लामिन आत आला, उभा राहिला. त्यानं हात खिडकीच्या प्लास्टिकला लावला आणि काढून घेतला.

"तापलंय," तो म्हणाला. "पलीकडं ऊन आहे. मला माहीत आहे, बॉस. आईलाही माहीत असणार."

शफीक म्हणाला, "मग आपण रात्र तिकडची धरू. गांबियात अकरा वाजता किती वाजतात?"

"सकाळचे आठ."

"चुकीचा देश आहे तुमचा," शफीक रागावून म्हणाला. "थोडा अजून लांब असता तर काम झालं असतं."

मग चर्चा सुरू झाली की रात्र कुणाची धरायची. सांगणाऱ्याची की आईची? एक जण म्हणाला, हरवणार आई, तर तिची. दुसरा म्हणाला, पाप सांगणाऱ्याचं, तर त्याची. आमच्या बंद मेसमध्ये, प्लास्टिकच्या वासात, घाम पुसत माणसं हा निकाल लावत होती. अन्न शिजवायला उशीर झाला म्हणून मला दुसरीकडून शिव्या पडत होत्या. मी शेवटी म्हणालो, "अरे, तिलाच विचारा ना."

हे मी कंटाळून बोललो होतो. पण लामिननं फोन काढला.

स्क्रीनवर आधी बहीण दिसली, मग तिनं फोन वळवला. बारीक म्हातारी, डोक्याला निळा रुमाल, खाटेवर बसलेली. लामिन त्यांच्या भाषेत बोलायला लागला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग काहीतरी विचारलं. लामिननं फोन माझ्याकडे केला.

"नामू कोण म्हणतं, विचारतेय."

मी उभाच होतो, अजून ताठ झालो. "अस्सलामु अलैकुम, अम्मा." तिनं सलाम घेतला. मग हातानं खूण केली, म्हण.

"नामू," मी म्हणालो.

ती हसली आणि पोटावर हात मारून दाखवला. म्हणजे इथून म्हण. मी पोटातून म्हटलं. तिला पटलं असावं. मग ती लामिनशी बरंच बोलली, तो ऐकत राहिला, आणि त्याच्या तोंडावर हसू फुटलं. आठवडाभर मी ते बघितलं नव्हतं.

"काय म्हणतेय?"

"म्हणते, तू सांग. मी घरात बसते. खाटेवरून उठत नाही. घरात बसलेल्या बाईची घराची वाट कशी चुकेल?"

मेसमध्ये अशा टाळ्या पडल्या की एक प्लास्टिक सुटून खाली आलं आणि ऊन आत आलं.

"पण एक आहे," लामिन म्हणाला. "गोष्ट पूर्ण बंद होईपर्यंत तिला उठता येणार नाही. आणि सकाळी तिला मासळीबाजारात जायचं असतं. म्हणते, लवकर आटप, उशीर झाला की नरम मासे मिळतात."

हे मला सांगायची गरज नव्हती. मी कोकणातला आहे.

रविवारी क्लायंटचे लोक आले. एक गोरे साहेब, फार मोठे. एक इजिप्शियन इंजिनिअर. त्यांच्यामागे फोटो काढणारे. त्यांनी खोल्या बघितल्या, एसी बघितले, माझ्या टॉर्चचं कौतुक केलं. मग मेस. कामगार दाटीवाटीनं बसलेले. समोर लामिन, त्याच्या बाजूला स्टुलावर भाताच्या डब्याला टेकवून ठेवलेला फोन, आणि फोनमध्ये खाटेवर बसलेली आई.

"ह्या कोण?" मॅडमनी मला हळूच विचारलं.

"मॅडम, ह्या बसल्या आहेत म्हणून गोष्ट होतेय."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. चांगल्या आहेत.

लामिननं सुरुवात केली. मी पोटातून नामू. दुसऱ्या वाक्याला गोऱ्या साहेबांनीही नामू म्हटलं. चौथ्याला सगळी मेस. मला वाटलं, इक्बाल, वाचलास. ससा, कासव, तरस, पाणी लागलं. आणि लामिननं विचारलं, पहिला घोट कुणाचा?

इथं मी विसरलो होतो. आम्ही सगळेच विसरलो होतो. गोष्ट प्रश्नावर थांबते. निकाल लागेपर्यंत बंद होत नाही.

गोरे साहेब ताबडतोब म्हणाले, "सशाचा. त्याच्याशिवाय प्रोजेक्टच नसता."

मागून काँक्रीटवाल्यांचा आवाज झाला. साहेब म्हणून कुणी गप्प बसलं नाही. इजिप्शियन इंजिनिअर म्हणाला, "माफ करा, पण खणलं कुणी? कासवानं." त्याला टाळ्या पडल्या. साहेबांनी जॅकेट काढलं. ते म्हणाले, खणणारे कुणीही मिळतात. हे बोलायला नको होतं. टेक बहादूरनं उभं राहून नेपाळीत भाषण केलं, कुणाला समजलं नाही, पण खोलीचा रंग बदलला. तरसवाले वॉचमन म्हणाले, रात्रभर जागणारा कुणाला दिसतच नाही. इंजिनिअरनं कागदावर विहीर काढली. साहेबांनी तोच कागद उलटा करून नफा-तोटा काढला.

मी फोनकडे बघितलं. म्हातारी खाटेवर. मधेच मान लांब करून दाराबाहेर बघत होती. तिकडे नऊ वाजून गेले होते. लामिनच्या कपाळावरून घाम गळत होता. तो मला म्हणाला, "बॉस, बंद करा. निकाल लावा."

"मी? मी कसा लावू?"

"नामू तुम्ही म्हणता. अर्धी तुमची."

मी उभा राहिलो. साहेबांच्या बाजूनं बोललो तर कॅम्पात राहता येणार नाही. कासवाच्या बाजूनं बोललो तर साहेब रागावणार आणि लामिनची नोकरी जाणार. तरस म्हटलं तर दोन्ही. मी हात जोडले आणि सगळ्यांना म्हणालो, "साहेब, तिघांनाही एकदम..." त्यावर सगळ्या मेसनं, साहेबांसकट, मला खाली बसवलं. म्हणाले, तसं चालत नाही, पहिला घोट एकच असतो.

तेवढ्यात फोनमधून आरडाओरड ऐकू आली. म्हातारी ओरडत होती. लामिननं फोन उचलला, ऐकलं. 

"काय म्हणतायत?" साहेबांनी विचारलं.

"सर," लामिन म्हणाला, "ती म्हणते, मी सकाळपासून तुमच्यासाठी ह्या खाटेवर बसले आहे. माझा घसा सुकला. ससा, कासव, तरस, तुम्ही तिघं मोठे आहात, तरुण आहात. विहीर बाजूला ठेवा. पहिला घोट मला द्या."

साहेबांनी इंजिनिअरकडे बघितलं. इंजिनिअरनं कासववाल्यांकडे.  तहानलेली म्हातारी समोर बसलेली असताना ससा काय म्हणेल? साहेबच पहिले म्हणाले, "नामू." मग सगळे.

"बंद," लामिन म्हणाला. आणि फोनमध्ये म्हातारी कंबर धरून खाटेवरून उठली, बहिणीनं दिलेलं पाणी प्याली, टोपली उचलली, आणि आमच्याकडे न बघता बाहेर गेली.

साहेबांनी जाताना लामिनचा हात बराच वेळ हलवला आणि मॅडमना म्हणाले, ह्या माणसाला आमच्या प्रोजेक्टवर ठेवा. मॅडम माझ्याजवळ आल्या, डोळे चमकत होते. "झालं, इक्बालभाई! दोन वर्षं. मी आजच कागद काढते."

मी अल्लाचे आभार मानले. लामिनला सांगितलं. तो "शुक्रन, बॉस" म्हणाला, पण त्याचं लक्ष नव्हतं. त्याच्या हातात फोन होता.

"काय झालं आता?"

"गेली बाजारात. फोन बहिणीकडेच आहे. मी दिवसा सांगितली, बॉस. ऊन अजून आहे. परत येऊ दे."

बाजार तिच्या घरापासून जवळ होता. गेली की लगेच यायची, तो म्हणाला. लगेच काही आली नाही. आम्ही गेटवर बसलो. पाहुण्यांच्या गाडीला त्यानं दांडा वर केला आणि खाली करायचा विसरला, तो मी केला. साइटच्या बसगाड्या दुपारच्या पाळीला निघाल्या. पुन्हा बहिणीला फोन. नाही आली. शफीक चहा घेऊन आला आणि बसला. टेक बहादूर आला. पंजाबी वेल्डरही आला.  मी मनातल्या मनात हिशेब करत होतो की आपण ह्याला नोकरी दिली आणि आई घालवली, आता हे कुणाला सांगायचं, कुठल्या ऑफिसात? एवढी मोठी चूक निस्तरायला माझ्याकडे किल्ली नव्हती.

फोन वाजला तेव्हा लामिननं तो दोन्ही हातांनी धरला.

बहीण हसत होती. म्हातारी आली होती. वाट चुकली नव्हती. बाजारातून येताना प्रत्येक दारात थांबली होती आणि प्रत्येक घरी पहिल्यापासून सांगितलं होतं, की कतारच्या मोठ्या साहेबांचं भांडण तिनं खाटेवर बसून कसं मिटवलं. भर उन्हात सांगितलं. तिची स्वतःची आई कधीच गेलेली, त्यामुळे तिला ऊन चालत होतं. मासे नरम झाले होते.

आम्ही सगळे हसलो. वेल्डरनं लामिनच्या पाठीवर एवढ्या जोरात थाप मारली की फोन पडता पडता राहिला. लामिननं आईला करार वाढल्याचं सांगितलं, तेवढं मला समजलं, कारण त्यानं दोन बोटं दाखवली.  ती एकच वाक्य बोलली. त्याचं हसू तसंच राहिलं, पण त्यानं नजर गेटबाहेरच्या रस्त्याकडे वळवली.

"काय म्हणाली अम्मा?" मी विचारलं.

"म्हणाली, मी तर घरी पोचले. तू कधी पोचणार?"

त्यानं तिला काय उत्तर दिलं, ते मला सांगितलं नाही.